खुरप्याखालची भाजी

हिंगोली जिल्ह्याचं नाव बाहेर घेतलं जातं ते हळदीसाठी. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मार्च ते मे या काळात हिंगोली आणि वसमतच्या बाजार समित्यांपुढे हळदीची पोती भरलेल्या वाहनांच्या रांगा लागतात. हळदीच्या जोडीला सोयाबीन, कापूस, हरभरा, गिरगाव-कुरुंदा-डोंगरकड्याकडची केळी आणि वसमत भागातला ऊस. वर्तमानपत्रातल्या बाजारभावाच्या रकान्यातून जिल्हा पाहिला तर एवढाच दिसतो. आषाढ लागला की याच जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत, पक्क्या गाळ्यांपासून दूर, रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बाया बसतात. त्यांच्यापुढे तरोट्याचे कोवळे शेंडे असतात, कुंजीर असते, करटुली असतात, अंबाडीच्या जुड्या आणि चमकुऱ्याची पानं असतात. या मालाची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. तराजूही बहुतेकींकडे नसतो. जमिनीवर वाटे लावलेले असतात आणि भाव वाट्याचा असतो.

या दोन बाजारांमधला फरक मला नीट समजून घ्यावासा वाटतो. हंगामी, गावातलं, ताजं अन्न याविषयी आपण जे बोलतो, त्याचं मूळ त्या फरकात आहे. पोत्यात भरलेला माल टिकतो, म्हणून तो दूर जातो. वाट्यातला माल संध्याकाळपर्यंत सुकतो, म्हणून तो जिल्ह्यातच खाल्ला जातो. दोन्ही पिकतात एकाच मातीत, पुष्कळदा एकाच शेतात, पण त्यांचा जन्म वेगळ्या कामातून होतो.

आधी हळदीचंच पाहू. मे-जूनमध्ये बेणं लावायचं, गादीवाफ्यावर, अलीकडे ठिबकवर. पीक जवळपास नऊ महिने जमिनीत असतं. पानं वाळून पिवळी पडली की काढणी. निघालेला कंद ओला असतो. तो तसाच ठेवला तर कोंब फुटतात किंवा कुजतो. म्हणून तो शिजवायचा. पूर्वी मोठ्या कढईत शिजवत, आता वाफेवर चालणाऱ्या कुकरमध्ये. शिजताना कंदातला स्टार्च फुगून एकजीव होतो, रंग आतपर्यंत सारखा पसरतो आणि पुढे वाळायला कमी दिवस लागतात. मग ताडपत्रीवर किंवा खळ्यावर दहा-पंधरा दिवस ऊन द्यायचं, ढोलात घालून पॉलिश करायचं आणि हळकुंडं, गड्डे वेगळे करायचे. ओल्या पाच क्विंटल हळदीतून वाळलेली साधारण एक क्विंटल मिळते. एवढे कष्ट घेतले की हळद वर्षानुवर्षं गोदामात राहू शकते आणि भाव नाही म्हणून शेतकरी थांबूही शकतो. शिजवणं आणि वाळवणं या दोन कामांनी हिंगोलीची हळद सांगलीच्या पेठेत आणि परदेशात पोहोचवली. वसमतला हळदीचं स्वतंत्र संशोधन केंद्र मंजूर झालं, केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू केलं. टिकणाऱ्या मालामागे संस्था उभ्या राहतात, आणि त्या राहायलाच हव्यात.

पण हळदीच्या शेतातलं जे अन्न टिकत नाही, तेही पाहण्यासारखं आहे. काढणीच्या दिवसांत ओली हळद घरोघर येते. ती किसून, लिंबाचा रस, मीठ, थोडं आलं आणि मोहरी घालून केलेलं लोणचं माघ-फाल्गुनात इथल्या ताटात असतं. हे लोणचं बाजार समितीत जात नाही. ते काढणीच्या वेळी शेतावर असणाऱ्यांचं अन्न आहे. इथली कितीतरी हंगामी खाणी अशीच आहेत. कामाच्या अंगाने येतात आणि काम संपलं की जातात.

रानभाज्यांचं तर पूर्णच तसं. रानभाजी म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे डोंगर आणि जंगल येतं. कळमनुरी तालुक्यातल्या आंध आदिवासींच्या गावांना, औंढा आणि सेनगावच्या माळांना ते लागूही पडतं. पण जिल्ह्याच्या काळ्या रानात रानभाजी आली ती निंदणीतून. जूनअखेर पेरणी होते, पीक वीतभर वर येतं आणि त्याच्या बरोबरीने तण येतं. बाया पात धरून निंदायला बसतात. खुरप्याखाली येणाऱ्या तणात कुंजीर असते, तांदुळजा, काटेमाठ, घोळ, पाथरी, केना, कुर्डू आणि बांधाकडे तरोटा असतो. जाणती बाई हे सगळं एका ढिगात टाकत नाही. कोवळं ते पदराच्या ओट्यात जातं, बाकीचं बांधावर. संध्याकाळी घरी जाताना मजुरीबरोबर भाजीही असते. उरलं तर दुसऱ्या दिवशीच्या बाजारात त्याचेच वाटे. म्हणजे ही भाजी कुणी पेरत नाही, राखत नाही, तिच्यासाठी वेगळा घामही गाळत नाही. पीक वाचवण्याच्या कामातून ती बाहेर पडते.

म्हणून तिचं भवितव्य निंदणीला बांधलेलं आहे, आणि निंदणी कमी होत चालली आहे. सोयाबीनच्या उभ्या पिकात फवारता येणारी तणनाशकं आली. ती तण जाळतात आणि पिकाला फारशी इजा करत नाहीत. शेतकऱ्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पाऊस लागून राहिला की रानात पाय ठेवता येत नाही, मजूर एकाच वेळी सगळ्यांनाच लागतात आणि मजुरी वाढलेली असते. एक फवारणी सगळं सोडवते. पण त्या फवारणीने तीन गोष्टी एकदम जातात. मजूर बाईची मजुरी जाते, तिच्या घरची भाजी जाते आणि कुंजीर कुठली, कुठली नाही हे ओळखायला शिकण्याची तिच्या मुलीची जागाही जाते. बांधावरही सरसकट फवारा मारला जातो, तेव्हा पुढच्या वर्षीचं बीही संपतं. रानभाज्या का हरवल्या याची चर्चा करताना आपण बदललेल्या आवडीवर बोट ठेवतो. मला तरी पहिलं कारण तणनाशक दिसतं.

सोयाबीनला दोष देऊन मोकळं होण्याचा माझा विचार नाही. त्याआधी खरिपात ज्वारी असायची. तिच्या तासांत तूर, मूग, उडीद, मधे कुठे तीळ, कडेला अंबाडी आणि सांदीकोपऱ्यात वाळकांचे वेल. त्या रानातून घराला वर्षाचं धान्य, डाळ, तेल, भाजी आणि दोरखंड सगळं मिळत होतं. पण खरीप ज्वारी काढणीला येते तेव्हा परतीचा पाऊस येतो, कणसं भिजतात, दाण्यावर बुरशी चढते आणि ज्वारी काळी पडते. काळ्या ज्वारीला भाव नाही. पाखरं राखायला माणूस नाही आणि रानडुकरांचा त्रास वेगळाच. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघतं, रोख पैसा देतं आणि त्याच ओलीवर हरभरा पेरता येतो. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर घरच्या ज्वारीची निकडही उरली नाही. शेतकऱ्याने हिशेब करूनच पीक बदललं. त्या हिशेबात अंबाडीची जुडी आणि वाळूक कुणी धरलं नव्हतं, कारण त्यांना कधी भावच नव्हता. सोयाबीनमध्ये तुरीची तासं मात्र टिकली आहेत. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खाणं आणि ओल्या दाण्यांची आमटी करणं आजही सुटलेलं नाही. पीक रानात राहिलं की त्याचं हंगामी खाणं आपोआप राहतं.

अंबाडीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. तिची पानं आंबट, त्यांत सेंद्रिय आम्लं भरपूर. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर हे मराठवाड्याच्या पावसाळ्याचं जेवण. पण निव्वळ भाजीसाठी अंबाडी कुणी लावत नव्हतं. ती लावायची तिच्या सालीच्या वाखासाठी. ताटं कापून पाण्यात कुजत घालायची, वाख सोडवून घ्यायचा आणि त्याचे दोर वळायचे. कासरे, दावी, नाडे, सगळं त्यातून व्हायचं. नायलॉनचे दोर आले, मग ट्रॅक्टर आला आणि बैल कमी झाले. दाव्यांची गरज संपली तशी अंबाडीही बांधावरून गेली आणि तिच्याबरोबर तिची भाजी. आता बाजारात अंबाडी दिसते ती कुणी तरी मुद्दाम भाजीसाठी चार ओळी लावलेली असते. भाजीला गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर तिने स्वतःच्या बळावर बांधावर परत पाऊल ठेवलं आहे, याचं मला खरंच समाधान वाटतं.

करटुल्याचा वेल मात्र निंदणीवर अवलंबून नाही. जमिनीखाली त्याचा कंद असतो. उन्हाळाभर तो निपचित पडतो, मृगाच्या पावसाने ओल खोल गेली की फुटतो आणि कुंपणावर, झुडपांवर चढतो. आषाढ-श्रावणात फळं लागतात. बोराहून मोठी, हिरवी, अंगभर मऊ काटे. आतलं बी कोवळं असेपर्यंत भाजी चांगली, बी पिवळं-लाल पडू लागलं की चव जाते. या वेलात नर आणि मादी वेगवेगळे असतात. फळ फक्त मादी वेलाला लागतं, पण शेजारी नर वेल नसला तर तेही नाही. बिया लावून पाहिल्या तर त्या उगवायला फार वेळ घेतात आणि उगवलेल्या वेलांतला कोणता नर, कोणता मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून आता करटुल्याची शेती करणारे ओळखीच्या मादी वेलांचे कंद लावतात आणि आठ-दहा मादी वेलांमागे एक नर ठेवतात. डोंगरात करटुली शोधणाऱ्या बाया हे सारं पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. फळ न देणाऱ्या वेलाला त्या 'वांझ' किंवा 'नर' म्हणतात आणि तो उपटू देत नाहीत. अशा बाईला बाजारात भाव कमी करायला सांगितलं तर ती जे उत्तर देते ते ऐकण्यासारखं असतं.

"मावशी, वाटा लहान हाय की."

"लहान कुठंय भाऊ? आर्ध्या डोंगराला फेरा मारलाय सकाळी. काट्यात हात घालून बघा एकदा, मंग बोला."

करटुल्याला किलोमागे इतर भाज्यांच्या कितीतरी पट भाव मिळतो तो याच कारणाने. त्यात शोधण्याची मजुरी आहे.

पावसाळी भाज्यांच्या बाबतीत परंपरेने एक मोठं शहाणपण करून ठेवलं आहे. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना पुष्कळ घरांत वाघाट्याची भाजी लागते. वाघाटं हे काटेरी वेलाचं फळ. एरवी त्याची आठवण कुणाला होणार नाही, पण त्या एका दिवसासाठी ते शोधलं जातं. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला तर नियमच असा की बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरल्या रानातलं धान्य नको, तर काय चालेल? परसातलं, बांधावरचं, आपोआप उगवलेलं. अळू, माठ, अंबाडी, भेंडी, पडवळ, भोपळा, चिंच, असं सगळं एकत्र शिजतं. शेतीपूर्वीच्या अन्नाची आठवण एका सणात बांधून ठेवली गेली आणि वर्षातून एकदा का होईना, प्रत्येक घराला बांधाकडे बघावं लागलं.

या भाज्या शिजवण्याच्या पद्धतींनाही कारणं आहेत. अळूच्या, म्हणजे आमच्याकडच्या चमकुऱ्याच्या, पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाला टोचतात, म्हणून खाज येते. ती कमी व्हावी म्हणून चिंच किंवा आंबट चुका घालायचा आणि पानं भरपूर शिजवायची. तरोटा फुलोऱ्यावर येण्याआधीच खुडायचा, उकळून पाणी टाकून द्यायचं, मग कांदा-लसणावर परतायचा. पाथरी मात्र कच्चीच, भाकरीबरोबर. घोळीत ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल पालेभाज्यांच्या मानाने चांगल्या प्रमाणात असतं, पण ऑक्झलेटही असतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी ती बेतानेच खावी. आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. रानभाजी विकत घेताना ती कुठली आहे हे विचारा. रस्त्याकडेच्या नालीतली किंवा फवारलेल्या बांधावरची भाजी ताजी दिसली तरी घेऊ नये. विकणारी बाई ओळखीची असेल तर हा प्रश्न विचारता येतो. समोरासमोरच्या बाजाराचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

पावसाळा सरतो, सोयाबीन निघतं आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत माळावरची सीताफळं उतरतात. त्यांचे डोळे उघडले, खाचांमधला रंग पिवळसर झाला की फळ तोडायचं. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत ते पिकतं आणि पिकलं की लगेच खावं लागतं. सालीला धक्का सोसत नाही. म्हणून रानातलं सीताफळ लांबच्या पेठेत फारसं जात नाही. हिंगोलीच्या दसऱ्याला जुनी परंपरा आणि मोठं प्रदर्शन आहे. त्या गर्दीच्या दिवसांत टोपल्यांमधली सीताफळं हातोहात खपतात.

मग येतो हिवाळा, आणि माझ्या मते इथल्या खाण्याचा सगळ्यात संपन्न हंगाम. हरभरा ऑक्टोबरात पेरला की महिनाभरात वीतभर होतो. फुलोरा यायच्या आधी त्याचे शेंडे खुडतात. शेंडा खुडला की झाड वर जाण्याऐवजी बाजूला फुटतं, फांद्या वाढतात आणि घाटे लागायला जागा मिळते. म्हणजे भाजी खुडल्याने पीक बिघडत नाही, उलट सुधारतं. या पाल्याला विलक्षण आंबटपणा असतो. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. पहाटे दव पडलेल्या हरभऱ्यातून चालत गेलं की पायांची कातडी चुरचुरते ती त्यामुळे. जुन्या माणसांनी हे आम्ल गोळा करण्याची युक्ती काढली होती. रात्री पांढरं धुतलेलं कापड हरभऱ्यावर अंथरायचं, सकाळी ते दवाने आणि आम्लाने भिजतं, ते पिळून घ्यायचं. ही हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर ती घरगुती औषध म्हणून ठेवली जायची. पाला कोवळा असताना बारीक चिरून, दाण्याचा कूट, कांदा, तिखट आणि तेल घालून केलेला घोळाणा भाकरीबरोबर खातात. जास्त निघाला तर सावलीत वाळवून डब्यात भरतात. चैत्र-वैशाखात विहिरी आटतात, बाजारात भाजी महाग होते, तेव्हा हाच वाळलेला पाला बेसनात पडतो. घरच्या बाईने वाळवलेला तेवढाच टिकाऊ.

याच सुमारास रब्बी ज्वारीचा हुरडा येतो. दाण्यात दूध भरतं, मग ते घट्ट होऊ लागतं. आतल्या साखरेचा स्टार्च होण्याच्या मधल्या काही दिवसांत दाणा हिरवा, मऊ आणि गोड असतो. आठवडाभर उशीर झाला की तो निव्वळ ज्वारी होतो. शेतातच खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यांत कणसं भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. भाजल्याने तूस सुटतं आणि दाणा मोकळा होतो. प्रत्येक ज्वारीचा दाणा असा सुटत नाही. सुरती, गूळभेंडी या वाणांचं नाव हुरड्यासाठी त्याच कारणाने आहे. शेजारच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी म्हणून 'परभणी वसंत' हा वाण काढला. दाण्याच्या चटणीबरोबर, जवसाच्या किंवा तिळाच्या चटणीबरोबर, गुळाच्या खड्याबरोबर हुरडा खातात. जोडीला हरभऱ्याचा हुळा, बोरं आणि गाजर. हिंगोलीत रब्बी ज्वारीचं रान हरभऱ्याच्या मानाने थोडं आहे, म्हणून ज्याच्याकडे ज्वारी आहे त्याच्याकडे पाहुणे येतात. हुरडा पार्टी हा आता पुणे-संभाजीनगरच्या आसपास धंदा झाला आहे. इथल्या लहान शेतकऱ्यांनीही तो का करू नये? दोन-तीन पट्टे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरले, तर हुरड्याचे थोडे दिवस महिनाभर लांबवता येतात.

संक्रांतीच्या सुगडात काय घालतात ते आठवा. ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, ज्वारीचं कणीस, शेंगा, तीळ. त्या दिवशी रानात जे जे असतं तेच. आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाजीतही वांगी, गाजर, वाल, ओला हरभरा, तीळ एकत्र येतात आणि तीळ लावलेली बाजरीची भाकर सोबत असते. सुगडाचं सामान आज पुड्यांत बांधून विकतात, पण पुडीतली बोरंसुद्धा कुणाच्या तरी बांधावरचीच असतात.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. मोहाची फुलं, चारोळी, टेंभरं, बिब्याची वाळवलेली फुलं आणि गोडंबी डोंगराकडून बाजारात येतात. यातली गोडंबी काढणं सोपं नाही. बिब्याच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं आणि ते फोडणाऱ्या बायांचे हात त्याची साक्ष देतात. गोडंबी महाग का, असं विचारण्याआधी ते हात पाहावेत. मग वैशाखात गावरान आंबा. प्रत्येक झाडाची चव वेगळी आणि नावही वेगळं, शेप्या, खोबऱ्या, गोटी. पाडाला लागला की उतरवून गवतात आढी घालायची. हा आंबा पेटीत बसत नाही, बारदानात जातो आणि रसासाठीच खाल्ला जातो. लाकडासाठी ही झाडं तुटत गेली. कलमाने ते वाण वाढवता येतात, पण त्यासाठी झाड आधी उभं असायला हवं.

शेतकऱ्याने थेट विकावं यासाठी देशात बरेच प्रयत्न झाले. पंजाबात १९८७ मध्ये 'अपनी मंडी' सुरू झाली, आंध्रात १९९९ मध्ये रयतू बाजार. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान घेतलं. सावता माळी अरणचे, मळ्यात राबणारे संत. त्यांचे समकालीन संत नामदेव परंपरेप्रमाणे याच जिल्ह्यातल्या नर्सीचे. पुढे २०२० मध्ये 'विकेल ते पिकेल' ही योजना आली आणि त्याच वर्षापासून कृषी विभाग ९ ऑगस्टच्या, आदिवासी दिनाच्या आसपास रानभाजी महोत्सव भरवू लागला. महोत्सवात बाया भाज्या मांडतात, पाककृती सांगतात, अधिकारी चव घेतात. त्याने ओळख होते हे मला मान्य आहे. शहरातल्या मुलांना कुर्डू आणि कुंजीर तिथेच पहिल्यांदा दिसते. पण महोत्सव वर्षातून एकदाच असतो आणि करटुल्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. ज्या बाईकडे पाच वाटे आहेत तिला दर आठवड्याला बसण्याची जागा हवी.

ती जागा आधीपासून आहे. गावोगावचा आठवडी बाजार कुठल्या योजनेने उभा केलेला नाही. भाजी पिकवणारा शेतकरीही सगळा माल बिटात, म्हणजे लिलावाच्या बाजारात, नेत नाही. पहाटे बिटात माल उतरवला की आडत्याच्या बोलीवर भाव ठरतो, त्यातून आडत, हमाली, भाडं वजा होतं. वांगी, मेथी असा पोत्याने निघणारा माल त्याला बिटातच न्यावा लागतो. पण चार जुड्या चुका, दोन पाट्या वाळकं, पाटीभर करटुली यांसाठी बीट नाहीच. तो माल विकला जातो तो फक्त आठवडी बाजारात, आणि बाजार मोडला तर तो रानातच वाळेल. कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी करटुल्याचे कंद, गावरान आंब्याची कलमं, अंबाडीचं बी शेतकऱ्यापर्यंत पोहोचवलं तर उत्पादन वाढेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचं काय करता येतं ते करून दाखवलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण बी टिकलं तरी विकायला बसायचं कुठे हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न फार छोट्या गोष्टींवर अडलेला आहे. पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका देते. ठेकेदाराचा माणूस पावती फाडतो. टेम्पो भरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला ती रक्कम जाणवत नाही, पाच वाटेवालीला जाणवते. मोक्याची जागा पहाटे आलेल्या गाड्या अडवतात आणि डोंगरातून बसने किंवा पायी येणारी बाई उन्हात, नालीच्या कडेला बसते. पालेभाजी उन्हात दोन तासांत मान टाकते आणि दुपारनंतर तिला मिळेल त्या भावात देऊन टाकावी लागते. बाजारतळावर एक पत्र्याची शेड, पिण्याच्या आणि भाजीवर शिंपडायच्या पाण्याचा नळ, बायांसाठी स्वच्छतागृह, आणि डोक्यावरच्या पाटीतून माल आणणाऱ्यांना पावती माफ, एवढ्याने त्या भाजीचा दिवस लांबतो आणि भाव पडत नाही. वसुलीचा ठेका नव्याने निघण्याआधी ग्रामसभेत हा विषय मांडता येतो.